अण्णाचींच्या दुकानातली रंगीत तालीम

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानाला पाटी नाही. कधीच नव्हती. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात कुणालाही 'अण्णाची कडै', म्हणजे अण्णाचींचं दुकान, कुठे म्हणून विचारा, बोट तिकडेच जाईल. अण्णाची म्हणजे थोरले भाऊ. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून येऊन किराणा दुकान घातलेल्या माणसाला सगळा तमिळनाडू अण्णाचीच म्हणतो, मग म्हणणारी त्याच्या आईच्या वयाची का असेना. आमचे अण्णाची आता सत्तरीला टेकले आहेत. दुकानाच्या तोंडाशी आडवी लाकडी फळी, फळीच्या आत अण्णाची आणि पोती, फळीबाहेर रस्त्यात आपण. आपण मागायचं, त्यांनी पुडी बांधून द्यायची. लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याला छत्तीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत मी फळीच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

बारा वर्षांनी येणारं महामहमचं स्नानपर्व जवळ आलं की आमच्या गावाला खोदकामाचा ताप चढतो. गटारं उघडतात, रस्ते रुंद होतात, आणि ज्याच्याकडे चार हात जागा आहे त्याला यात्रेकरूंसाठी लॉज बांधायची स्वप्नं पडू लागतात. अण्णाचींच्या जागेच्या मालकालाही पडली. दुकानांची ती अख्खी जुनी रांग पाडायची, खाली काचेची दुकानं, वर लॉज. मालक माणूस वाईट नाही. कोपऱ्यावरची सगळ्यात चांगली जागा त्याने अण्णाचींना देऊ केली, पण अट घातली: नव्या दुकानात फळी नको, रस्त्यावर पोती नकोत. गिऱ्हाइकांनी आत शिरायचं, टोपलीत हवं ते स्वतः घ्यायचं. हो की नाही ते पोंगलच्या दिवसापर्यंत सांगा, नाहीतर ती जागा औषधवाल्याला जाईल.

अण्णाचींची मुलगी चेन्नईत नोकरी करते. कॉलेजात ती माझी विद्यार्थिनी होती, हुशार आणि माझ्यासारखीच हट्टी. नोकरी सोडून परत यायची तिची तयारी होती. नव्या दुकानातली मांडणी कशी असेल, तूरडाळ कुठे, साबण कुठे, हे सगळं तिने मोबाइलवर रेखाटून ठेवलं होतं. अडलं होतं फक्त वडिलांच्या होकारापाशी. अण्णाची हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. विषय काढला की ते डाळ मोजायला लागायचे, मग कुणी डाळ मागितलेली असो वा नसो.

मला न विचारता सल्ला द्यायची खोड आहे. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं त्याचा हा परिणाम, असं मी म्हणते. आमच्या घरातलं मत वेगळं आहे. मी अण्णाचींना म्हटलं, "नुसतं विचार करून काय कळणार? प्रयोग करा. एक दिवस फळी उचला, लोकांना आत घ्या. काय होतं ते बघा आणि मग ठरवा."

मुलीने फोनवरून माझी री ओढली आणि चार दिवसांची रजा टाकून ती आलीच. दोघींपुढे अण्णाचींचं काय चालणार?

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आमचे हे पेपर खाली न करता म्हणाले, "तुज कां पडलंय त्या दुकानाचं? अण्णाची आहे, त्याची लेंक आहे, ते अस्के पाहून घेतील की."

आमच्या घरात असंच बोलतात. मराठ्यांबरोबर तंजावरकडे आलेल्या घराण्यांतली आम्ही माणसं; मराठी तेव्हाचीच राहिली आणि तिच्यात तमिळ मिसळत गेलं. पुण्याहून आलेल्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, "किती गोड हो, अगदी बखरीतलं!" मला त्यांचा भयंकर राग आला होता. उंबऱ्याबाहेर मात्र आम्ही सगळे तमिळ, तेव्हा अण्णाचींचं जे बोलणं इथे लिहिते आहे ते मीच मराठीत आणलेलं आहे.

पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी आमची रंगीत तालीम झाली. आदल्या दिवशी मी आणि त्या मुलीने मिळून नावांच्या चिठ्ठ्या लिहिल्या: उडीदडाळ, धणे, मेथी, चिंच. प्रत्येक पोत्याला आणि परातीला एकेक लावली. भांड्यांच्या दुकानातून सहा प्लास्टिकच्या टोपल्या आणल्या. सात वाजता फळी उचलून भिंतीला लावली, आणि मी अण्णाचींना बाहेर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या जागी उभं केलं. हातात काही नाही म्हटल्यावर त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. कधी मागे बांधत, कधी धोतराला पुसत.

पहिल्या आल्या त्या देवळातल्या पुजाऱ्यांच्या, म्हणजे गुरुक्कळांच्या, बायको. त्यांनी उचललेली फळी पाहिली, टोपली पाहिली, मला पाहिलं, आणि रस्त्यात चपला काढून अनवाणी आत गेल्या. त्यांचं पाहून मागच्या बाईने काढल्या, तिचं पाहून तिसरीने. अर्ध्या तासात दुकानापुढे चपलांची अशी रांग लागली की सायकलवरून जाणारे एक गृहस्थ उतरून विचारू लागले, "आत भजन आहे का?" मी म्हटलं, "नाही, किराणा आहे."

आत गेलेल्या बायकांनी काय करावं? काही नाही. टोपल्या पोटाशी धरून नुसत्या उभ्या. दुसऱ्याच्या पोत्यात हात कसा घालायचा, असं गुरुक्कळांच्या बायको पुटपुटल्यासुद्धा. एक निवृत्त हेडमास्तर साबणाच्या वड्यांवरच्या तारखा मोठ्याने वाचत सगळ्या दुकानात फिरले आणि काहीही न घेता, छान आहे म्हणून निघून गेले. मग एकीने आतून रस्त्यातल्या अण्णाचींना हाक मारली, "अण्णाची, आमची तूरडाळ यातली कुठली?"

तूरडाळीची तीन पोती होती. चिठ्ठी तिन्हींवर एकच. 

"कुठलीही घ्या," अण्णाची म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

"कुठलीही काय? आमची कुठली?"

एवढं व्हायची खोटी, सगळ्यांना कंठ फुटला. आमची मिरची कुठली, आमचे पोहे कुठले, आमच्या सांबारच्या पुडीत धणे हे की ते. जी ती 'आमचं' विचारत होती. चाळीस वर्षं फळीबाहेरून नुसतं 'उडीदडाळ द्या' म्हटलेलं. कुठली ते अण्णाचींनी बघायचं. आता ते एकेकीला 'कुठलीही, आवडेल ती' असं सांगत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं हा हट्ट आहे. प्रयोग पडावा म्हणून म्हातारा मुद्दाम सांगत नाहीये. मी तसं त्यांच्या मुलीच्या कानात सांगितलंही, आणि आज त्याची मला लाज वाटते.

मी स्वतः कुणालाही काही विचारलं नाही. चिठ्ठ्या माझ्याच हाताच्या होत्या, विचारायचं कशाला? चिंचेसकट टोपली भरून सगळ्यांपुढे मिरवत बाहेर आले. दुपारी बाराला आम्ही फळी पुन्हा आडवी टाकली. मुलगी पोत्यावर बसली होती. "टीचर, अप्पा नाहीच म्हणणार," ती म्हणाली. "मी परतीचं तिकीट काढते." तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी आंबट भाजी केली. पालक, हरभऱ्याची डाळ आणि चिंचेचा कोळ; तंजावरी मराठी घरांत हिच्यावरून सुनेची परीक्षा होते. आणि सांगायला हरकत नाही, माझी आंबट भाजी नाव काढण्याजोगी आहे. स्वामीमलैची नणंद दर खेपेला डबा भरून नेते. आईसारखीच करतेस, म्हणते.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग अगदी हळू, जपून म्हणाले, "हे आमची भाजी नव्हे."

"म्हणजे?"

"बरी आहे. आमची नव्हे."

मी चाखली. खरंच नव्हती. आंबट होती, पण नुसती आंबट. मागाहून जिभेवर जो गोडसर दाटपणा येतो तो कुठेच नव्हता. मी डाळ तीच, पालक तोच असा विचार करत चिंचेपाशी आले आणि माझं डोकं तडकलं. माल बदललाय. दुकान जाणार म्हटल्यावर अण्णाची हलका माल आणायला लागले! ताट तसंच टाकून, उरलेली चिंच पुडीसकट घेऊन मी भर उन्हात दुकान गाठलं.

दुपारची शांत वेळ होती. फळीवर पुडी आपटून मी जे बोलायचं ते सगळं बोलले. अण्णाचींनी पुडी उघडली, चिंच बोटांनी उलगडून पाहिली.

"ही नवी चिंच. पुढच्या परातीतली," ते म्हणाले. "तुमच्या घरी ही एकटी कधी जात नाही."

"मग काय जातं?"

त्यांनी पुडी पुन्हा दुमडली. "टीचरम्मा, तुम्ही मला खरंच विचारताय ना? रागाच्या भरात नाही ना?"

मी रागाच्या भरातच विचारत होते. पण त्यांनी असं विचारल्यावर राग कुठे टिकतो? "खरंच विचारते," मी म्हटलं.

"दोन भाग जुनी, एक भाग नवी. जुनी काळी असते, ती मागच्या मडक्यात ठेवतो. छत्तीस वर्षं तुमची चिंच मी मिसळून देतो. तुमच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या. तुम्ही नव्या सून होतात तेव्हा."

मला तो दिवस आठवला. विसरले होते असंही नाही. तो दिवस मी जिंकलेला दिवस म्हणून लक्षात ठेवला होता. लग्नाला महिना झाला असेल. माझ्या भाजीला काहीतरी कमी आहे असं सासूबाई नुसतं म्हणाल्या, आणि मी हातातला डाव खाली ठेवला, "मग तुम्हीच करा," म्हटलं आणि उत्तरपत्रिका तपासायला खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर स्वयंपाकघरात त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बाईंना बरोबर कळलं, असं मी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगितलं होतं. आणि त्या दुसऱ्याच दिवशी इथे, या फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या असताना आणि नसताना, माझ्या भाजीचं कौतुक होत राहिलं आणि मी ते घेत राहिले.

मी फळीला धरून उभी राहिले. अण्णाचींनी आतून स्टूल पुढे केलं.

"तुम्ही एकट्या नाही," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, पण एकदा सुरुवात झाल्यावर ते थांबले नाहीत. "या गल्लीत वीसेक घरं आहेत. कुणाच्या सासूने सांगितलेलं, कुणाच्या आईने. एका घरी म्हाताऱ्याचे दात गेले तेव्हा जुनी डाळ मऊ शिजत नाही म्हणून त्याच्या बायकोने ती द्यायची बंद करवली. अजून मी नवीच देतो. ती गेली, आता त्या घरात हे कुणाला ठाऊक नाही. आणि प्रत्येकीने वर बजावलेलं, सांगू नका, वाद होतात. कोणी आपणहून विचारलं तरच सांगा. एवढ्या वर्षांत कोणी एकटीने येऊन विचारलंच नाही; काल विचारलं ते सगळ्यांदेखत, तिथे एकीच्या घरातलं दुसरीपुढे कसं सांगू? काचेच्या दुकानात जायला मला काय झालंय, टीचरम्मा? पण तिथे जो तो आपल्या हाताने उचलणार. वीस घरांच्या तोंडची चव एका दिवसात जाणार, आणि मला बोलायची चोरी. अशात मालकाला हो कसं म्हणू?"

एवढे महिने त्यांना मी हट्टी म्हणत होते, जुन्या फळीला चिकटून बसलेला म्हातारा म्हणत होते. प्रयोगात तपासायचं काय हेच मला कळलं नव्हतं.

"आज सकाळी गुरुक्कळांच्या बायको आल्या होत्या," अण्णाची म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "काल घरी नेलेली मिरची त्यांच्या घरी कुणाला आवडली नाही. आमची कुठली ते नीट सांगा म्हणाल्या. मी सांगितलं. मग आणखी दोघी येऊन गेल्या. आता तुम्ही. पोंगलपर्यंत सगळ्याच येतील असं दिसतंय. मुलीला तिकीट काढू नको म्हणून सांगितलं. मालकाला उद्या हो कळवतो."

मला आनंद झाला. तो मी मोठ्याने सांगितला, वर 'बघा, प्रयोग उपयोगी पडला की नाही' हेही ऐकवलं, कारण तेवढं ऐकवल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. मग उठले, आणि तरी पाय निघेना.

"अण्णाची, सासूबाई आणखी काही म्हणाल्या होत्या का? माझ्याबद्दल?"

त्यांनी मागच्या मडक्यावरचं झाकण काढलं. पाठमोरेच म्हणाले, "म्हणाल्या होत्या. सून शिकलेली आहे, रागीट आहे, पण हाताला चव आहे. तिचा हात नावाजला गेला पाहिजे. कधी विचारलंच तर सांगा, पण तिचं काही चुकलं होतं असं तिला वाटू देऊ नका."

ते तराजूपाशी आले, काळी चिंच एका बाजूला घेतली आणि सवयीने तिच्यावर नवी टाकायला हात पुढे केला. मी त्यांना थांबवलं. दोन्ही वेगवेगळ्या पुड्यांत बांधा म्हटलं, मी मिसळेन.