डावीकडचा पट्टा

कल्याणच्या त्या मिस्त्रीला मी अजून माफ केलेलं नाही. तीस वर्षांची ओळख मी त्याच्या गॅरेजच्या दारात उभं राहून, शिव्या घालून तोडली. आजही तो समोरून आला तर मी रस्ता बदलत नाही, त्याला बदलावा लागतो. पण लिहायचं म्हटलं तर सगळंच लिहावं लागेल, आणि सगळं लिहिलं तर त्यात मिस्त्री फार थोडा उरतो.

गाडी म्हणजे माझी जुनी पिकअप. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहत होतो तेव्हा मी ती एका भंगारवाल्याकडून उचलली. तेव्हाच ती म्हातारी होती. तिच्यावर बांबू, कापड, खुर्च्या लादून मी मांडवाचा धंदा उभा केला. जयंतीचे मांडव, लग्नांचे, टेंभी नाक्याला नवरात्रातले. बायको शेजारी बसायची, मांडीवर लाइटच्या माळांचं गाठोडं घेऊन. पुढे टेम्पो आले आणि पिकअप घराखाली उभी राहिली. मी ती विकली नाही. स्टिअरिंग, मीटरचे काटे, लोखंडी डॅशबोर्ड, पुढची जाळी, अगदी पायाखालचा पत्राही मूळचा. जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात तिथे नेली की अनोळखी माणसं वाकून वाकून बघतात. माझा मुलगा मात्र तिच्यात पाय ठेवत नाही. सोसायटीत बरं दिसत नाही, म्हणतो. ज्या गाडीने त्याची फी भरली तिची त्याला लाज.

बायकोचं तसं नव्हतं. तिने बसणं बंद केलं ते दुर्गाडीच्या वळणावर डावं दार आपोआप उघडलं तेव्हापासून. खिडकीची चौकट धरली म्हणून ती वाचली. घरी येऊन चहा टाकता टाकता म्हणाली, "अहो, दार धड नाही, ब्रेक धड नाहीत, सीटला पट्टा तर नाहीच. आधी नीट करा. मग बसते."

चार वर्षं ती मुलाच्या गाडीने नाहीतर रिक्षाने फिरली. मी हट्टाला पेटलो होतो. इतकी वर्षं चालली तेव्हा पट्टे होते का, म्हणायचो. मग बाळकुमला दिलेल्या माझ्या मुलीला मुलगी झाली, नामकरणाचा दिवस ठरला, आणि मी मनाशी ठरवलं की नातीच्या नामकरणाला बायको या गाडीतून येणार, माझ्या शेजारी बसून.

गाडी मिस्त्रीकडे नेली. दाराची कडी त्याने तासाभरात बदलली. ब्रेकचं त्याने नीट समजावलं. "शेठ, आता एकच पाइप आहे. तो फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन कप्प्यांचा सिलिंडर टाकू, एक गेला तरी दुसरा धरेल. आणि पुढे डिस्क." मी फारसं ताणलं नाही. ब्रेकवर माझा पाय असतो, त्याचं महत्त्व मला कळत होतं.

मग पट्ट्यांचं निघालं.

"उजवीकडे टेन्शन नाही," तो म्हणाला. "खाली चासीचा बार येतो, त्यातच बोल्ट मारतो. डावीकडचा पत्रा कुजलाय. तो कापायला लागेल. खालून जाड प्लेट वेल्ड करू आणि तिच्यात बोल्ट."

"पत्रा कापायचा नाही. ओरिजिनल आहे तो."

"शेठ, आता फक्त गंजच ओरिजिनल राहिलाय."

"आणि वेल्डिंगचे एवढे? सोन्याची प्लेट लावतोस काय?"

"वहिनी बसणार ना तिथे?"

"मग? वहिनीचं वजन ते किती! मला काय बांबूचा भारा बांधायचाय तिथे?"

गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसलो. भाव पाडताना समोरच्याला हसवलं की तो ढिला पडतो, हे माझं जुनं हत्यार. मिस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला, "बरं. तुमच्या भावात बसेल तसं करतो."

हे वाक्य मी ओळखायला हवं होतं. आयुष्यभर मी तेच विकत आलोय. गिऱ्हाइकाने भाव पाडला की मी भांडत नाही, "तुमच्या भावात बसेल तसं करतो" म्हणतो आणि दोन बांबूंमधलं अंतर हातभर वाढवतो. वरून कापड तेच, झालर तीच. मांडव उभा राहतो. वारा सुटला नाही तर कुणाला कळतही नाही. मांडवाच्या धंद्यात याला कुणी फसवणूक म्हणत नाही, आणि गिऱ्हाईक खोदून विचारत नाही. मीही मिस्त्रीला विचारलं नाही.

नामकरणाच्या दिवशी सकाळी बायको खाली आली. पांढरी साडी, हातात खिरीचा डबा. दार दोनदा उघडून लावून बघितलं, पट्टा ओढून अडकवला आणि म्हणाली, "केलंत म्हणजे शेवटी." एवढंच. पण बसल्यावर तिने पदर सावरला तो पूर्वी सावरायची तसाच, आणि कोनगाव येईपर्यंत ती शेजारणीच्या सुनेबद्दल काहीबाही सांगत राहिली. मी ऐकत होतो. चार वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

काल्हेरच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा मिळाला. मी म्हटलं, "ब्रेक कसे झालेत बघ."

"बघितले की. थांबते नीट."

"तसं नाही. हे बघ."

आणि मी ब्रेक दाबला, पायात होता तेवढा जोर लावून.

जुने ब्रेक असते तर गाडी घसरत, रडत, वीस पावलांवर थांबली असती आणि आम्ही दोघं नुसते पुढे झुकलो असतो. हे ब्रेक नवे होते. गाडी जागच्या जागी थांबली. माझा पट्टा छातीत रुतला आणि त्याने मला धरलं. तिचा खालून निघाला. बोल्ट, वॉशर आणि त्याच्याभोवतीचा वीतभर पत्रा, सगळं एकदम उपटून वर आलं. तिने हात पुढे केला. डॅशबोर्ड लोखंडी होता.

उजवं मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. खीर तिच्या साडीवर, माझ्या पायांवर, काचेवर.

हॉस्पिटलमध्ये मुलगी नामकरण सोडून धावत आली. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "कुत्रा आला मधे." बायको सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "काळा होता." मी तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

मुलगी बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "तुमच्या बाजूचा नाही ना निघाला?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मी उत्तराला तयार होतो, भांडायलाही तयार होतो. तिने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो. तोंडाला येईल ते बोललो. मिस्त्री शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शेठ, पत्रा कापू नको कोण म्हणालं?"

"मग बोल्ट मारलास कशाला? नाही म्हणायचंस!"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्याकडून मारून घेतला असता." मग पाना उचलत म्हणाला, "पण एवढा ब्रेक मारायला आलं कोण मधे?"

मी कॉलर धरली त्याची. बाकीच्यांनी सोडवलं. गेली तीस वर्षं माझी गाडी फक्त त्याच्याच हाताखालून गेली होती. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही.

उल्हासनगरला दुसऱ्याकडून पत्रा कापून घेतला, जाड प्लेट लावली. त्याने सांगितले तेवढे पैसे दिले, एक शब्द बोललो नाही. बायकोला खाली बोलावलं. ती आली, वाकून प्लेट बघितली, डाव्या हाताने पट्टा ओढून बघितला. उजव्या हातात अजून जोर येत नाही, ओला कपडा पिळता येत नाही तिला.

"मजबूत झालंय," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

गाडीत का बसत नाही असं कुणी विचारलं तर ती सांगते, मला पट्टा टोचतो. कुत्र्याचं आजवर एकदाही तिने खोडून काढलं नाही. त्या खोट्यात मी एकटा असतो तर बरं होतं.

परवा नातीचा पहिला वाढदिवस झाला. आम्ही दोघं एकाच वेळी घरातून निघालो. ती नाक्यावरून रिक्षाने गेली, मी पिकअपने. मी पोचलो तेव्हा ती नातीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही वेगळे कसे आलात?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "त्यांना टेंभी नाक्यावर काम होतं अगं."

मला टेंभी नाक्यावर काहीही काम नव्हतं. मी हो म्हणालो.