पाइप वाकला, जोड सुटला नाही

अहमदपूरच्या बायका शिवकांताचं नाव घ्यायच्या ते ब्लाउजसाठी. लग्नसराईत तिच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. नवरा श्रीशैल शेती बघायचा आणि उरलेल्या वेळात काहीबाही ठोकत बसायचा. शेळ्यांचं शेड आपल्याच हातानं उभं करायचं म्हणून त्यानं घरगुती वेल्डिंग मशीन आणलं. गॅसची टाकी न लागणारं, आत तारेचं रीळ बसवलं की बंदुकीसारख्या दांड्यातून तार आपोआप पुढं येणारं. पण खोकं उघडायच्या आधीच एका सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून निसटला आणि डावी बाजू लुळी पडली.

लातूरच्या दवाखान्यातून माणूस हाती लागला, तेवढंच. पाय काही उचलेना. तिथं व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं, "दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीवर दांड्या हव्यात. त्यांना धरून रोज चालले तर पाय परत येईल. घरीच सोय करा." एसटीनं रोज लातूर गाठणं श्रीशैलला झेपणारं नव्हतं. ओळखीचा फॅब्रिकेशनवाला रामलिंग एका शाळेच्या कामात अडकलेला. "वहिनी, जरा दम धरा, हे उरकलं की करून देतो," म्हणाला.

शिवकांताला दम धरवेना. तिनं खोकं फोडलं.

"आगं, तुला त्यातलं काई येतंय का?" श्रीशैल खाटेवरून जडावलेल्या जिभेनं म्हणाला.

"शिलाई तरी मी आईच्या पोटातून शिकून आले होते का?" ती म्हणाली.

सुती साडीवर तिनं त्याचा जाड शर्ट चढवला, हातात चामड्याचे मोजे घातले, तोंडावर काळी काच धरली आणि अंगणात ठिणग्या उडायला लागल्या. पहिल्या दिवशी तार लोखंडाला चिकटून बसायची. मग हात वळला. खाली जाड लोखंडी पट्टी, तिच्यावर उभा चौकोनी पाइप, असे खांब तिनं जोडले. जोडावरची रेघ अशी सरळ नि गोंडस, की शेजारच्या बाया बघायला आल्या.

रामलिंग सहज डोकावला तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं खांब पुढं केला. त्यानं पट्टीवर पाय दिला, पाइप दोन्ही हातांनी धरला आणि एक हिसका दिला. खटकन आवाज झाला आणि पाइप त्याच्या हातात आला. पट्टीवर नुसता काळा डाग उरला होता.

"वहिनी, दिसायला झ्याक हाय, पर हे वरवर बसलंय. लोखंड लोखंडात उतरलंच न्हाई."

शिवकांतानं खाटेकडं बघितलं. ह्याच खांबांवरच्या दांडीवर श्रीशैलनं सगळा भार टाकला असता.

"ऱ्हाऊ दे आता," श्रीशैल म्हणाला. "लई केलंस."

"न्हाई ऱ्हाऊ द्यायचं," ती म्हणाली. "रामलिंगभाऊ, चुकलं कुठं ते सांगा."

रामलिंगनं मशीन उघडून बघितलं. "ही बिनगॅसची तार. हिला दांडा मायनसवर लागतो, तुमचा प्लसवर हाय." त्यानं तिच्याकडून जोडणी बदलून घेतली. "दुसरं, पट्टी जाड नि पाइप पातळ. जाडाला ताप जास्त पायजे. आन् वरून बघून समाधान मानू नका. कापून बघत जा." एवढं सांगून तो कामावर पळाला.

त्या दिवसापासून शिवकांता आपलीच कामं कापायला लागली. भंगारातले तुकडे जोडायचे, करवतीनं मधोमध चिरायचे आणि उन्हात धरून बघायचं. चिरेत दोन्ही लोखंडांच्या मधे बारीक काळी रेघ दिसली, की समजायचं, आत काही गेलेलं नाही.

रेघ जाता जाईना. मशीनचा ताप वाढवला तर घरातला दिवा मिणमिणायचा आणि ठिणग्या फुसक्या व्हायच्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अंगणापर्यंत ओढलेली लांबलचक बारीक वायरच सगळा जोर खातेय. तिनं वायरमनकडून मीटरजवळ जाड वायरचा पॉइंट काढून घेतला आणि काम तिथं हलवलं. मशीनचा आवाजच बदलला. आधी फटफटणारं मशीन आता तव्यावर सलग काही तळावं तसं चरचरत होतं.

मग जोडायच्या जागेवरचा रंग नि गंज ती लोखंड चकाकेपर्यंत घासू लागली. पाइपाच्या कडेला ग्राइंडरनं उतार दिला, म्हणजे वितळलेलं लोखंड खोल जायला वाट झाली. पाइपावर रोख धरला तर त्याला भोक पडायचं, म्हणून दांड्याचं तोंड पट्टीकडं वळवलं. सगळ्यात अवघड गेलं ते हात आवरणं. शिलाईत पळणारा हात इथं धिम्या गतीनं मागं ओढत न्यायचा होता, वितळलेल्या लोखंडाचं थारोळं दोन्ही कडांना भिडेपर्यंत.

आणि एका दुपारी तिनं तुकडा चिरला, उन्हात धरला, तर रेघ नव्हती! पट्टी कुठं संपते नि पाइप कुठं सुरू होतो, काही कळेना. तिनं तसाच दुसरा तुकडा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि घणानं हाणला. एकदा, दोनदा, दम लागेपर्यंत. पाइप वाकून आडवा झाला. जोड जागचा हलला नाही.

"आवं, बघा!" ती ओरडली. "पाइप वाकला, पर सुटला न्हाई!"

श्रीशैलनं खाटेवरूनच उजवा हात मांडीवर थापटला. टाळी वाजवायला डावा उचलत नव्हता म्हणून.

नव्यानं केलेले खांब तिनं रामलिंगपुढं ठेवले. त्यानं लाथ घातली, हिसके दिले, शेवटी लोंबकळला. मग घाम पुसत म्हणाला, "वहिनी, ह्याला आता मी काय करू?" आणि स्वतः थांबून खांब फरशीला बोल्टांनी आवळून दिले. त्यांवर शिवकांतानं आडव्या दांड्या जोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीशैल दांड्यांच्या मधे उभा राहिला. शिवकांता पुढं उभी, पण तिनं हात दिला नाही. त्यानं दांडी गच्च धरली, भार टाकला. पाय थरथरला, घसटला, मग पुढं पडला. मागून दुसरा. टोकाला पोचला तेव्हा त्याचा शर्ट भिजून गेला होता आणि चेहऱ्यावर पोरानं परीक्षेत बाजी मारावी तसं हसू होतं.

"चहा टाक," तो म्हणाला. "उभ्यानं पिणार हाय."

आता तो काठी घेऊन शेतापर्यंत जातो. लातूरच्या मॅडमनी त्या दांड्यांचे फोटो मागून घेतले आणि त्यांच्या ओळखीनं लोक शिवकांताकडं यायला लागले. ब्लाउज ती अजून शिवते, पण सकाळी. दुपार वेल्डिंगची. परवा औशाला भामाबाई नावाच्या म्हातारीच्या न्हाणीत तिनं आधाराची दांडी बसवली. म्हातारीनं दांडीकडं, मग हिच्याकडं संशयानं बघितलं.

"तुटंल की गं बाई!"

"मावशी, भिंत पडंल, हे न्हाई तुटायचं," शिवकांता म्हणाली. "धरा बिनधास्त."

म्हातारीनं धरली, आणि कुणाचा हात न घेता उठून उभी राहिली.