दंतोबांनी तोंड उघडलं

गल्लीतली पोरं त्यांना दंतोबा म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही पाठीमागे तेच म्हणायची. कवळ्या करणं हा त्यांचा धंदा. दुकान नाही, पाटी नाही. घराच्या मागच्या खोलीत एक लांबट टेबल, त्यावर मेणाच्या कांड्या, प्लास्टरचे पांढरे जबडे आणि एक मोठा दिवा. डॉक्टर तोंडाचा ठसा पाठवायचे, त्यावरून दंतोबा दात उभे करायचे. ते दात ज्याच्या तोंडात जायचे, तो माणूस त्यांना बहुधा जन्मात दिसायचा नाही. त्यामुळे झालं काय, की बँकेत असोत नाहीतर बसमध्ये, दंतोबांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर काही टिकायची नाही. घसरायची ती थेट ओठांवर.

या खोडीने एकदा घात केला होता. लेकीचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे काका चहा प्यायला आले, तर ह्या गृहस्थांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "तुमची खालची ढिली झालीय हो. सोमवारी या, घट्ट करून देतो." काका अर्धा चहा टाकून उठले. ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. लेक कित्येक दिवस बापाशी धड बोलली नाही, आणि आई नसलेल्या घरात ती बोलली नाही म्हणजे कुणीच बोललं नाही.

म्हणून आज, दुसऱ्या एका मुलाला आणि त्याच्या आईला भेटायला आल्यावर, पाण्याकाठच्या इटालियन हॉटेलच्या दारात लेकीने त्यांची बाही धरली.

"बाबा, एकच मागणं आहे. कुणाच्या तोंडाकडे बघू नका. दातांचा विषय काढू नका. मी त्यांना सांगितलंय, बाबा लॅबमध्ये असतात. बस्स."

"लॅबच आहे ना ती," दंतोबा म्हणाले.

"बाबा!"

"नाही काढत गं. शपथ."

हॉटेल काही फार भारी नव्हतं, पण दंतोबांना घाम फोडायला तेवढं पुरे होतं. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या भांड्यात मेणबत्ती, लसणाचा आणि चीजचा वास. खिडकीबाहेर बांधून ठेवलेल्या होड्या हलत होत्या. मुलगा हसतमुख होता, फिरतीच्या नोकरीवरून कालच परतला होता. त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर दंतोबांच्या विहीणबाई.

दंतोबांनी ठरवून मेणबत्तीकडे बघितलं. मग मिठाच्या बाटलीकडे, मग होड्यांकडे. विहीणबाई म्हणाल्या, "या, बसा." बस, तेवढ्यात झालं. नजर गेलीच.

वरच्या बाजूचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. अगदी किंचित. अहो, तो दात दंतोबांनी स्वतःच्या हाताने चढवला होता! डॉक्टरांनी ठशासोबत एका हसणाऱ्या तरुण बाईचा जुना फोटो पाठवला होता आणि फोनवर बजावलं होतं, "अगदी पूर्वीसारखे दिसले पाहिजेत. घरात कुणाला सांगायचं नाहीये त्यांना." तो एक दात मनासारखा बसेपर्यंत दंतोबांनी मेण कितीदा तापवलं असेल, त्यांचं त्यांना ठाऊक. आणि आज तो दात जिवंत माणसाच्या तोंडात, समोर! आनंदाच्या भरात दंतोबा बघत राहिले. चक्क तोंड वासून.

विहीणबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी रुमाल उचलून ओठांवर धरला आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. टेबलाखालून लेकीची लाथ बसली.

त्यानंतर विहीणबाई बोलेचनात. लेकीने प्रवासाचं विचारलं, तर "हं." तब्येतीचं विचारलं, तर "बरी." लेकीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. तिला वाटत होतं, मी पसंत पडले नाही. दंतोबांना तिच्या चेहऱ्यावर ते सरळ वाचता येत होतं, आणि खरं कारणही फक्त त्यांनाच कळत होतं. कवळी नवी कोरी, आठवडाही झाला नसेल. हिरड्या सोललेल्या असणार. बोलायला गेलं की वरची हलणार. त्यात हा समोरचा अनोळखी म्हातारा टक लावून बघणारा! बोलणार तरी कशा बिचाऱ्या?

पण सांगायचं कसं? तोंडाचं गुपित फोडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. नवऱ्यापासून, मुलांपासून लपवलेल्या कितीतरी कवळ्या दंतोबांच्या पोटात होत्या. आणि त्यात लेकीपुढे घेतलेली शपथ. दंतोबांची अक्षरशः दातखीळ बसली.

वेटर टोपलीतून जाड सालीचा ब्रेड ठेवून गेला. मुलाने त्याचा मोठा तुकडा तेलात बुडवून आईच्या हातात दिला.

"आई, खाऊन तरी बघ. मघापासून नुसती बसलीयेस."

"नको रे."

"काय नाटकं तुझी! इथला ब्रेड म्हणजे एक नंबर. घे, एक घास."

आता सगळेच त्यांच्याकडे बघू लागले. लेकही आशेने बघत होती, निदान खाल्लं तरी बाईंचा मूड सुधारेल म्हणून. विहीणबाईंनी तुकडा तोंडाजवळ नेला. समोरच्या दातांशी.

दंतोबा खुर्चीच्या कडेला सरकले. समोरून तोडलं की कवळी मागून सुटणार, आणि सुटली की थेट त्या तेलाच्या बशीत. होणाऱ्या सुनेसमोर! ही बाई पुन्हा आपल्या लेकीचं तोंड बघेल? छे! मनात कायमचं बसेल, हिने मला त्या अवस्थेत पाहिलंय.

"थांबा!" दंतोबा ओरडले.

शेजारच्या टेबलावरच्या लोकांनीही माना वळवल्या. विहीणबाईंचा हात हवेतच राहिला.

"माफ करा हं," दंतोबा घाईघाईने म्हणाले. "म्हणजे काय आहे... माझी कवळी. नवीन आहे. कडक काही चालत नाही, आणि दुसऱ्याला खाताना बघितलं की जीव जळतो. आपण सगळ्यांनीच मऊ काहीतरी मागवूया का? सूप, पास्ता?"

लेक बापाकडे बघतच राहिली. ह्या माणसाच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, अजून अक्रोड दाताने फोडतो!

"हो हो, मागवू की," मुलगा हसू दाबत म्हणाला.

एकदा लाज सोडल्यावर दंतोबा काय थांबतात! "अहो, समोरच्या दातांनी तोडलं की संपलंच. बारीक तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, गुपचूप. हे कळेपर्यंत मी दोनदा फजिती करून घेतली. एकदा तर साहेबांसमोर!" त्यांनी त्या फजितीचा साग्रसंगीत अभिनयही केला. मुलगा खो खो हसला. लेकीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

विहीणबाईंनी ब्रेड खाली ठेवला. पास्ता आल्यावर त्यांनी तो काट्याने बारीक केला, एक घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा. मग त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "किती दिवस दुखतं हो... तुम्हाला?"

"सुरुवातीलाच. मग सवय होते. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरतो मी."

"छान बसलीय तुमची. कुणी केली?"

दंतोबा गडबडले. "मीच. तेच तर काम माझं."

लेकीने डोळे मिटून घेतले. विहीणबाई दंतोबांकडे बघत राहिल्या. त्यांची जीभ ओठाआडून त्या चढलेल्या दातावर फिरली. मग त्यांनी हातातला रुमाल मांडीवर ठेवला, लेकीकडे वळल्या आणि मोकळं हसल्या.

"तुझ्या बाबांच्या हातात कसब आहे बरं का. रविवारी घरी ये. पुढचं ठरवून टाकू."

बाहेर पडल्यावर मायलेक टॅक्सीने गेले. बापलेक पाण्याकाठाने बसस्टॉपकडे निघाले. लेक भरभर पुढे चालत होती, आणि दंतोबा मागून जवळजवळ पळत होते. एकदम ती थांबली. तिचे डोळे भरले होते.

"एक गोष्ट मागितली होती मी. एक! आणि तुम्ही नसलेल्या कवळीची थाप मारलीत, अभिनय केलात, धंदासुद्धा सांगून मोकळे झालात. का, बाबा? मला आता त्या घरात काय म्हणून ओळखतील?"

एका वाक्याचं काम होतं. दंतोबांच्या जिभेवर ते आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"पण त्या हो म्हणाल्या ना?"

"म्हणाल्या. तुम्ही असूनही म्हणाल्या."

दंतोबांना ते लागलं. चांगलंच लागलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"हो गं," ते म्हणाले. "मी असूनही जमलं, हे काय कमी आहे?"