वेबसाइटनं आग्रहच केला नाही

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. पुढं एके ठिकाणी हसावं का गप बसावं, ते तुम्हाला कळायचं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. एवढंच सांगतो, की गेल्या महिन्यात मी एका वेबसाइटशी भांडलो आणि चारचौघांत हरलो.

वेबसाइट आमचीच. म्हणजे दादाची. अंथुर्ण्यात आमची पेरूची बाग आहे. मी आठवीत शाळेला रामराम ठोकला, पण दादा शिकला, आणि पेरू थेट पुण्याच्या घरांत विकायचा म्हणून त्यानं बारामतीच्या एका मॅडमकडून वेबसाइट करून घेतली. तिच्यात त्याची एक गंमत होती. पहिल्यांदा उघडली की ती तुमचं नाव विचारायची. पुन्हा आलात की वर अक्षरं यायची, ‘आलात का, अमुकतमुक? जेवलात का?’

हे दादाचंच बोलणं. दारात कुत्रं आलं तरी तो हेच विचारायचा!

माझ्या फोनवर माझं नाव त्यानंच टाकलं होतं. ढब्ब्या. त्यामुळं मला यायचं, ‘आलात का, ढब्ब्या? जेवलात का?’ जन्मात ज्यानं मला कधी अहोजाहो केलं नाही, तो तिथं करायचा.

पावसाळा सरता सरता दादा गेला. कावीळ झाली. बरा होऊन येणार म्हणून पुण्याला नेला, आणि आला तो तसा. तेव्हापासून घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. काढलं, की आई ताटावरून उठते. मग मी काय करायचो? सकाळी मोटर चालू करायची, बांधावर बसायचं आणि वेबसाइट उघडायची. ती विचारायची, जेवलात का? मी म्हणायचो, “व्हय.” आणि कामाला लागायचो. एवढंच. घरात दादाचं बोलणारं तेवढंच उरलं होतं.

अशात एक दिवस मॅडमचा फोन आला.

“सोमनाथ, आता नियम आलाय. आलेल्या माणसाला लक्षात ठेवायचं, तर आधी त्याला विचारावं लागतं. मी तशी पट्टी टाकलीय.”

“लक्षात ठेवायला परवानगी?”

“हो.”

“कुनाची?”

“ज्याला लक्षात ठेवायचं, त्याची.”

मी फोन ठेवला. ज्याला लक्षात ठेवायचं तो माणूसच नसला, तर कुणाला विचारायचं? पण हे मॅडमला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर लावली, बांधावर बसलो, वेबसाइट उघडली. खाली पट्टी आली. ‘आम्ही तुम्हाला लक्षात ठेवू का?’ शेजारी दोन बटणं, एकाच मापाची. ‘ठेवा’ आणि ‘नको’.

आता तुम्हीच सांगा, मी काय दाबलं असेल?

मी दाबलं ‘नको’!

अहो, थांबा. आमच्याकडं कुणी काही विचारलं तर पहिल्या झटक्यात होय म्हणायची पद्धत आहे का? चहा घेणार? नको. अहो घ्या की! नको, आत्ताच झाला. असं कसं, घोटभर घ्याच! मग तुम्ही बशी पुढं करणार. पहिल्या हाकेला होय म्हणणारा माणूस हावरट. शिवाय विचारत होती दादाची वेबसाइट. मला वाटलं, आता ती म्हणणार, “गप ए, म्हणं नको! ठेवणारच लक्षात!”

ती काय म्हणाली माहितीय? ‘बरं. धन्यवाद.’

संपलं! आणि त्याच्याखाली, ‘नमस्कार पाहुणे. पहिल्यांदाच आलात? आपलं नाव काय?’

पाहुणे? मी? बंद केली, उघडली. पाहुणे. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. पाहुणे! ती पुन्हा विचारेल म्हणून मी फोनकडं टक लावून बसलो. तिकडं पाणी पेरूच्या सऱ्या भरून बांध फोडून आबांच्या कांद्यात घुसलं.

आबा म्हणजे आमचे शेजारी. ओरडतच आले. “मेल्या, कांद्याची रोपं पव्हायला लागली की रं!”

“आबा, दादानं मला वळखलं न्हाय.”

आबा चिखलातच थांबले. त्यांना वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचा फोन काढला. त्यांच्या फोनवर दादानं ‘आबा’ घातलेलं होतं. पट्टी आली, आबांनी चष्मा लावून वाचली, खाकरले आणि अगदी मानानं ‘नको’ दाबलं.

‘बरं. धन्यवाद.’

“आयला!” आबा म्हणाले. “माजंबी घालावलं? गाडी काढ!”

भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, तिच्या कडेकडेनं आम्ही बारामती गाठली. मॅडमचं ऑफिस एका मोबाइलच्या दुकानावर. मी जिना चढतानाच ओरडायला सुरुवात केली.

“तुमी माजा भाऊ पुसला!”

आत दोन गिऱ्हाइकं बसलेली. ती उठून भिंतीला लागली.

मॅडम शांत. “तुम्ही काय दाबलं होतं?”

“नको.”

“मग?”

“पन तसं नको नव्हतं ते.”

“मग कसं नको होतं?”

आता हे कसं समजावणार? आबा पुढं झाले. “मॅडम, मागं मी फवारनीच्या पंपाची वेबसाइट बगितली. काय पाव्हनचार! ‘व्हय’चं बटान भाकरीयेवढं, आन ‘नको’ बारीक, कोपऱ्यात. ते हुडकून दाबलं, तर परत इचारतीया, ‘खरंच नको?’ दुसऱ्या दिवशी परत! आग्रह म्हंजी असा पायजे.”

“आबा, तोच आग्रह बंद करायला तर नियम आलाय. एकदा नको म्हटलं, की नको. मोठ्या कंपन्या चलाखी करतात. मी सरळ दोन बटणं ठेवली.”

“आन माजं नको बरं ध्यानात राह्यलं तुमच्या वेबसाइटच्या!” मी म्हणालो. “त्याची परवानगी कुटं घेतली?”

“तेवढं ठेवावंच लागतं. नको लक्षात ठेवायला परवानगी लागत नाही.”

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. आबा सोडले तर माझ्या बाजूनं एकही माणूस नव्हता.

मॅडमनं माझ्या फोनवर काहीतरी केलं आणि पट्टी परत आणली. “ही घ्या. आता ‘ठेवा’ दाबा, की झालं. इतक्या लांबून आलात, चहा सांगू का?”

“नको, नको,” मी म्हणालो.

आणि तोंडाबरोबर बोट पण गेलं!

‘बरं. धन्यवाद.’

आबांनी कपाळावर हात मारला. मॅडमनं पुन्हा पट्टी आणली. या वेळी आबांनी माझं बोट शेळीच्या कानासारखं धरलं, ‘ठेवा’वर टेकवलं आणि वरून दाब दिला. मग वेबसाइटनं नाव विचारलं. मॅडम टाइप करायला सरसावल्या.

“काय टाकू? सोमनाथ?”

“न्हाय.”

“मग?”

भरल्या ऑफिसात सांगावं लागलं. “ढब्ब्या.”

गिऱ्हाइकं हसली. हसू देत. मी वेबसाइट बंद केली आणि उघडली.

‘आलात का, ढब्ब्या? जेवलात का?’

“न्हाय, दादा,” मी म्हणालो. “सकाळपास्नं काय न्हाय.”

मोठ्यानं म्हणालो असणार. कारण हसणारी माणसं गप झाली. मॅडम उगाच कॉम्प्युटरमध्ये बघू लागल्या. आबांनी उपरण्यानं चष्मा पुसला, मग डोळे, मग पुन्हा चष्मा.

तेवढ्यात चहा आला. आल्याचा, वाफाळता. एकच कप. मॅडमनं तो स्वतःपुढं ओढला.

आबा खाकरले. मीही खाकरलो. शेवटी आबाच म्हणाले, “मॅडम, मगाशी तुमी च्याचं कायतरी म्हनत हुता...”

“हो, पण हे नको म्हणाले ना,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या लक्षात आहे.”