जोकिम तुस्कानोचं सानरेमो

जोकिम तुस्कानो आडनावामुळे बिघडला, असं माझं स्पष्ट मत आहे. वसईत आमच्या अर्ध्या गावाचं आडनाव तुस्कानो. पोर्तुगीज पाद्र्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी दिलं, आमच्या पूर्वजांनी घेतलं, विषय संपला. पण दुबईत जोकिम एका इटालियन टाइल्सच्या कंपनीत अॅडमिनला लागला आणि तिथला मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाला, "तू तर आमच्या टस्कनीचा दिसतोस." टस्कनी हा इटलीतला एक प्रांत; मॅनेजर थट्टा करत होता. जोकिमने ती पदवी म्हणून स्वीकारली.

त्याच मॅनेजरने त्याला सानरेमोची चटक लावली. इटलीत सानरेमो नावाच्या गावी दरवर्षी नव्या गाण्यांची स्पर्धा होते, पाच रात्री टीव्हीवर दाखवतात, अख्खा देश बघतो. त्यांनी बघावी, त्यांची गाणी आहेत. पण हा गृहस्थ अल कुसैसच्या वन बीएचकेमध्ये पाच दिवसांची रजा टाकून ती बघायचा आणि नंतर आम्हा शेजाऱ्यांना बोलावून एकेका गाण्याचा अर्थ सांगायचा. अर्थ नेहमी प्रेमभंगच असायचा. अठरा वर्षांत त्याला इटालियनमध्ये कॉफी मागता येते, त्यापुढे अक्षर नाही. मॅनेजर केव्हाच मायदेशी गेला, खूळ मात्र आमच्या गळ्यात मारून गेला.

गेल्या वर्षी जोकिमने जाहीर केलं की आपणही 'वसई सानरेमो' करायचं. नियमावली चार पानी, इंग्रजीत. त्यातला सातवा नियम त्याचा लाडका: गाणं कोरं हवं, आधी कोणी ऐकलेलं निघालं तर बाद.

"तिकडे पण हाच रूल आहे, टोनी," तो मला म्हणाला. "ही सिंगरची नाही, गाण्याची कॉम्पिटिशन आहे. स्टँडर्ड मेंटेन करायला पाहिजे."

स्टँडर्ड असं की एकूण सहा नावं आली, त्यातली तीन एकाच घरातली.

सहावं नाव जोकिमच्या बायकोचं, व्हेरोनिकाचं. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. दिवसभर परक्यांच्या चादरी मोजायच्या आणि घरी येऊन नवऱ्याच्या पाहुण्यांना चहा द्यायचा, एवढंच आम्ही तिचं पाहिलेलं. पहिल्या आलेल्याचं गाणं दुबईच्या करामा भागातल्या एका स्टुडिओत रेकॉर्ड होणार होतं आणि ते तिला मनापासून हवं होतं. माझ्या बायकोला, सोफियाला ती म्हणाली होती, "एकदा तरी माझा आवाज कुठेतरी राहायला पाहिजे गं."

शनिवारी दुपारी एका रेस्टॉरंटच्या पार्टी हॉलमध्ये स्पर्धा झाली. सानरेमोत गायकांना फुलं देतात, म्हणून जोकिमने सहा गुच्छ आणले होते. "एटी दिरहमचा एक, म्हणजे दोन हजार रुपये पकड," हे त्याने दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. क्रिस्टोफर नावाच्या अकाउंटंटने जे गायलं त्यात 'अमोरे', म्हणजे इटालियनमधलं प्रेम, हा शब्द एकवीस वेळा होता. मी मोजला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जोकिम डोळे मिटून मान डोलवत होता.

मग व्हेरोनिका उभी राहिली. गाणं आमच्या वसईच्या बोलीत, सुट्टीला गावी जाताना बॅग भरण्याचं. दिराला परफ्यूम, भाच्याला बूट, नणंदेला दुधाची पावडर. बॅग वजनकाट्यावर ठेवायची, तीस किलोच्या वर गेली की काहीतरी काढायचं, आणि दर कडव्याला निघते ती तिची स्वतःचीच वस्तू. पहिल्या दोन कडव्यांना बायका खळखळून हसल्या. तिसऱ्याला हसायच्या थांबल्या. मला आमच्या घरची बॅग आठवली आणि खरं सांगतो, लाज वाटली.

टाळ्या थांबेनात. जोकिमने माइक घेतला.

"सॉरी टू से, रूल नंबर सेव्हन. हे गाणं नवीन नाही. मागची दोन वर्षं बॅग भरताना हिने घरी म्हटलंय, मी स्वतः विटनेस आहे. रूल इज रूल. खलास."

"डॅडी, दॅट्स नॉट पब्लिक," त्यांची मुलगी जोआना पुढच्या रांगेतून म्हणाली.

"ज्युरी डिसाइड करेल."

ज्युरी म्हणजे तो स्वतः, क्रिस्टोफरचा मेव्हणा आणि मी. बाद करायला त्या दोघांचे हात वर गेले. मीही केला. जेवण गार होत होतं आणि जोकिमशी वाकडं घेऊन उद्या त्याच्याबरोबरच लिफ्टमध्ये उभं राहायचं होतं, एवढ्यासाठी केला. इतका वेळ मी त्याची टर उडवतोय, पण त्याचा निदान आपल्या मूर्खपणावर विश्वास होता. माझा कशावरच नव्हता.

व्हेरोनिका जोकिमकडे बघत होती. तिच्या हातात माइक नव्हता, तरी तिचं बोलणं शेवटच्या टेबलापर्यंत गेलं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"ऑफ कोर्स," जोकिम अभिमानाने म्हणाला. "तिन्ही कडवी. वर्ड टू वर्ड पाठ आहेत मला."

"तुम्ही कानात हेडफोन घालून बसायचात. मला वाटायचं, ऐकू येत नाही म्हणून तुम्ही काही बोलत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तसंच समजून चालले होते."

ती स्टेजवरून उतरली आणि सरळ आमच्या टेबलाशी आली. सोफियाने माझ्याकडे न बघता माझी खुर्ची ओढून तिला बसायला दिली. जेवणं होईपर्यंत मी उभा होतो.