नजमा मॅडमची फ्लॉपी आणि देवरे सरांची नवी मांडणी

देवरे सरांच्या साठीच्या गौरवग्रंथात मीही लिहावे, असे मंडळींनी सांगितले. माझी शाळा चौथीपर्यंत. जळगावच्या कॉलेजात सरांच्या कॉम्प्युटर खोलीची झाडलोट मी केली, तीच माझी ओळख. पहिल्या दिवशी सरांनी मला दारातच अडवले. "अक्का, चपला बाहेर. धुळीने मशीन बसते." मी त्यांच्या पायांकडे पाहिले. बूट होते. सर बाहेर जाऊन बूट काढून आले. माणूस विसराळू आहे, पण खोटा नाही, एवढे तेव्हाच कळले.

शिरपूर, धुळे, चाळीसगावचे मास्तर एकच मोठा प्रोग्रॅम मिळून लिहीत आणि आपापला तुकडा फ्लॉपीवर एसटीने पाठवत. तुकडा आला की सरांची प्रणाली तो बाकीच्यांशी जोडून लगेच तपासायची. सगळा कारभार उघडा. प्रणालीचे लिखाणसुद्धा कुणीही न्यावे, वाचावे, सुधारावे.

धुळ्याच्या नजमा मॅडमचा तुकडा लागोपाठ तीनदा नापास झाला. तिसऱ्या वेळी त्या स्वतः फ्लॉपी घेऊन आल्या, तेव्हा सर सर्वांदेखत म्हणाले, "घरी तपासून आणत जा. बाकीचे खोळंबतात." मॅडमनी आपली फ्लॉपी उचलली. जिन्यात मला म्हणाल्या, "अक्का, ही माझी शेवटची खेप."

आठवड्याने सरांना कारण सापडले. सगळ्यांची कामे एकाच जागेत एकामागून एक चालत. आधीच्या कामाच्या उरलेल्या फायली मॅडमच्या कामात मिसळत होत्या. मिरची दळलेल्या चक्कीत गहू टाकला, तर पीठ तिखट होणारच. गव्हाचा काय दोष?

"मी त्यांना पत्र टाकतो," सर म्हणाले.

"बोलनात बठ्ठासमोर, आते पत्र कसाले?" मी विचारले. बोल लावला सगळ्यांसमोर, मग माफी पत्रातून कशाला?

"अक्का, तुम्ही झाडायला येता की वकिली करायला?"

चिडले खरे. पण रविवारी सगळ्या मास्तरांना बोलावले आणि स्वतः धुळ्याला जाऊन मॅडमना घेऊन आले. सर्वांसमोर म्हणाले, "मॅडमचे काम तिन्ही वेळा बरोबर होते. चुकलो मी. आता सगळी मांडणी नव्याने करतो."

एक मास्तर म्हणाले, "सर, उरलेल्या फायली पुसत जाऊ. अख्खी प्रणाली कशाला मोडता?"

"मी रोज पुसेन. मी निवृत्त झाल्यावर कोण पुसणार?"

आपल्या हातचे काम सरांनी पायापासून उकलले. आता एक मशीन फक्त कामे वाटते, बाकीची मशीने ती करतात. प्रत्येक कामाला कोरी जागा, आणि काम संपले की ती आपोआप साफ. त्याच दिवसांत माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पंधरा दिवस खोली सरांनी झाडली. कोपरे तसेच होते, ते सांगायलाच हवे.

कुणाचे काम आत घ्यायचे, याचा शेवटचा शब्द सरांनी नजमा मॅडमना दिला. गेल्या महिन्यात मॅडमनी खुद्द सरांचाच तुकडा दोनदा परत पाठवला. सरांनी चष्मा पुसला, "बरोबर आहे त्यांचे" म्हणाले आणि पुन्हा कामाला बसले.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, पाठ आणि डोळे शाबूत राहोत. मॅडम तिसऱ्यांदा परत पाठवतील, तेव्हाही ते असेच बसोत.