कांद्याच्या खेळाचा 'शुभविवाह'

आमच्या आबांनी शोधलेल्या खेळात कांद्याचा लिलाव करायचा असतो, आणि त्या खेळाचं नाव 'शुभविवाह' आहे. यात हसण्यासारखं काही नाही.

आबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला होते, पण बालपण गेलं लासलगावच्या कांदा बाजारात. निवृत्तीनंतर आपण खेळ काढून विकायचे, हे त्यांनी नव्वदच्या सुमारासच ठरवून टाकलं होतं. पहिला खेळ तयारही झाला. पटावर ट्रॅक्टर फिरवायचे, बोली लावायची, आणि पत्ता उचलला की 'पाऊस आला, कांदा भिजला' किंवा 'रेल्वेचा डबा मिळाला नाही' असलं काहीतरी निघून आपण बुडायचं. (मी कायम बुडायचो. आबा म्हणायचे, "खेळ अगदी खऱ्यासारखा जमलाय.") छापखानेवाले विसपुतेकाका मूळचे लग्नपत्रिकांचे. उरलेल्या पत्रिकांच्या कागदावरच त्यांनी पत्ते छापून दिले, त्यामुळे कांदा सडल्याच्या प्रत्येक पत्त्यामागे सोनेरी गणपती होता.

खेळाचं नाव अर्थातच 'लिलाव'. मेन रोडच्या दोन-तीन दुकानांत खोकी लागली, उरलेली आमच्या पलंगांखाली गेली. त्या दुकानांसमोर आले की आबा स्कूटर उगाचच हळू करायचे. मला ते फार आवडायचं.

मग मुंबईच्या एका खेळांच्या कंपनीची नोटीस आली. 'लिलाव' नावाचा खेळ आम्ही आधीपासून विकतो, नाव आमच्या मालकीचं आहे, तुमची खोकी दुकानांतून काढा, नाहीतर कोर्टात या.

"नाव त्यांच्या मालकीचं?" आबा म्हणाले. "मग लासलगावला रोज काय होतं, मुंज?"

मी तेव्हा बी.कॉम.ला होतो आणि व्यापारी कायदा नावाच्या विषयात नुकताच पास झालो होतो. (काठावर. पण पास तो पास.)

"एखादा वकील बघू या का?" आईनं विचारलं.

"मी घरात असताना?" मी म्हणालो.

उत्तर मीच लिहिलं. 'लिलाव हा सर्वसामान्य शब्द आहे. सामान्य शब्दावर कोणा एकाची मालकी नसते. उद्या आपण पाणी या शब्दावरही हक्क सांगाल.' शेवटच्या वाक्यावर मी इतका खूश होतो की ते शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलं.

कंपनीचं उत्तर लगेच आलं. शब्द सामान्य असेल, पण खेळांच्या धंद्यात तो आमचाच. आता भेट मुंबईच्या कोर्टात. पाण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"मी तारखांना मुंबईला जाऊ की शिफ्टला?" आबा म्हणाले. "जाऊ दे. नाव बदलू." इतकं बोलून ते ताटावरून उठले. ताकभात तसाच राहिला. आमच्या घरात ताकभात टाकून उठणं म्हणजे फारच झालं.

ही बातमी लासलगावला ताराआत्याकडे पोचली. आबांची थोरली बहीण. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन दारात हजर.

"भावाच्या घरी नवं काही झालं अन् नाव ठेवायला आत्याला बोलावलं नाय," ती म्हणाली. "मग नोटीस नाय येणार तर काय पेढे येणार?"

"अक्का, तो खेळ आहे," आबा म्हणाले.

"मग? खेळाला नाव नाय लागत? बारसं घाला. नवं नाव मी ठेवते."

अक्कापुढे आबांचं कधी चाललं नव्हतं. आईनं कॉलनीत निरोप दिला की शुक्रवारी आमच्याकडे बारसं आहे, घुगऱ्या खायला या. कोणाचं, ते सांगायचं राहिलं. आई तेव्हा पन्नाशीला टेकली होती. शुक्रवारी सगळ्या बायका झबली-टोपडी घेऊन आल्या आणि आईकडे अशा काही नजरेनं बघायला लागल्या की ती स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. "वहिनी, कळलंसुद्धा नाही हो," असं एक जण आत जाऊन म्हणाली, तेव्हा आईनं तिच्या हातात घुगऱ्यांचं पातेलंच दिलं.

पाळण्यात खोकं ठेवलं. आत्या वाकली, खोक्याच्या कोपऱ्याशी तोंड नेऊन कुजबुजली, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. आबा आशेनं पुढे झाले.

"काय ठेवलंस, अक्का?"

"लिलाव," आत्या म्हणाली.

"अगं, तेच तर बदलायचं होतं!"

"मला हेच आवडलं. नाव ठेवायचा हक्क आत्याचा. मुंबईवाल्यांची कोण आत्या आली होती का इथं?"

आता एकीकडे कोर्ट आणि दुसरीकडे आत्या. कोर्टात निदान अपील तरी करता येतं. शेवटी विसपुतेकाका मदतीला आले. पत्रिकांच्या पाकिटांवर लावायची सोनेरी लेबलं त्यांच्याकडे ढिगानं पडली होती. 'लिलाव' शब्दावर ती चिकटवायची, म्हणजे वरून कंपनी खूश, आतून आत्या खूश. नवीन नाव सुचलं की बघू. आम्ही सगळे दिवसभर चिकटवत बसलो. लेबलांवर 'शुभविवाह' छापलेलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं दुकानात जाऊन 'शुभविवाह' मागायला लागली. पलंगांखालची जागा रिकामी झाली, आबा पुन्हा स्कूटर हळू करायला लागले, आणि नवीन नाव कोणालाच सुचलं नाही.

मी पुढे खराखुरा वकील झालो. आबा निवृत्त झाले, दर उन्हाळ्यात थोडी खोकी छापत राहिले. आणि दोन हजारनंतर कधीतरी कॉलेज रोडच्या एका दुकानात मला पुण्याच्या कोणा कंपनीचा चकचकीत नवा खेळ दिसला. नाव, 'शुभविवाह'. माझं डोकं सणकलं. आबांना एकदा नाव सोडावं लागलं होतं, दुसऱ्यांदा मी सोडू देणार नव्हतो. त्याच दिवशी मी कडक नोटीस धाडली.

उत्तर आलं ते आबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"'शुभविवाह हा सर्वसामान्य शब्द आहे. सामान्य शब्दावर कोणा एकाची मालकी नसते. शिवाय आमच्या खेळात निदान लग्न तरी आहे.'"

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तुझा कायदा पक्का आहे रे," ते म्हणाले. "फक्त दर वेळी समोरच्याच्या बाजूनं लागतो. चल, पट मांड."

मांडला. पहिला पत्ता मीच उचलला. मागे गणपती होता, आणि पुढे कांदा भिजला होता.